भाताचं नवं वाण कुठल्या खोलीत तयार होतं?

आमच्या कळव्याच्या सोसायटीत ऋतुजा राहते. बी.एस्सी. ॲग्री झाली, आता तिला एम.एस्सी.ला अनुवंशशास्त्र आणि वनस्पती पैदासशास्त्र हा विषय घ्यायचाय. मागच्या आठवड्यात तिची आई जिन्यात भेटली. म्हणाली, "ताई, तुम्ही हेच शिकलात ना? आम्ही दोन कॉलेजं बघून आलो. एकीकडे चकाचक लॅब, काचेच्या खोल्या, मोठाली मशिनं. दुसरीकडे जुनी कौलारू इमारत आणि समोर नुसती चिखलाची खाचरं. कुठे घालायचं पोरीला?"

जिन्यात उभ्याउभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. शेतीच्या शिक्षणाला लॅब कशाला लागते आणि लॅब असेल तर परत चिखल कशाला, हे नीट उलगडून सांगितल्याशिवाय दोन्ही कॉलेजांची तुलना होणारच नाही. म्हणून जरा निवांत लिहिते.

खोल्यांची यादी दिली तर डोक्यात काही राहणार नाही. आपण एक काम हातात घेऊ आणि ते कुठल्या कुठल्या दारातून जातं ते बघू. काम आपल्याच भागातलं घेऊ.

ठाणे खाडीपासून खाली पनवेल, उरण, पेणपर्यंत खारजमिनी आहेत. समुद्राचं पाणी थोपवायला बांध घातलेले असतात. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी खाचरात शिरतं आणि मीठ मागे ठेवून जातं. मातीची विद्युत वाहकता, म्हणजे ती किती खारी आहे याचं माप, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती क्षारयुक्त माती धरतात. भाताला तर त्याआधीच त्रास सुरू होतो. मुळांना पाणी ओढता येत नाही, पानात सोडियम साठत जातं आणि शेंड्याकडून पान करपायला लागतं. आपले खारेपाटातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या जोराच्या पावसाने मीठ धुऊन जायची वाट बघतात, मग मोड आलेलं बी फोकतात. त्याला रहू म्हणतात. पाऊस लांबला की सगळंच लांबतं. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र आहे आणि तिथून पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी खार सोसणारी भाताची वाणं आली, ती याच अडचणीतून.

आता समजा, ऋतुजाला एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी असं काम मिळालं: लोकांना आवडणारं, बारीक दाण्याचं एखादं भात घ्यायचं आणि त्यात मीठ सोसायची ताकद आणायची.

पहिलं दार बियाण्याच्या कोठीचं. मीठ सोसणारं भात मुळात आणायचं कुठून? केरळच्या किनाऱ्यावर पोक्काळी नावाचं जुनं भात आहे. ते खाऱ्या पाण्यात तग धरतं, पण उंच वाढतं आणि लोळतं. त्याच्या पहिल्या गुणसूत्रावर एक तुकडा आहे, त्याला साल्टोल असं नाव दिलंय. रोपावस्थेत मीठ सोसण्याशी त्याचा संबंध आहे. आपल्याला तेवढा तुकडा हवाय, बाकीचं पोक्काळी नकोय.

अशी जुनी वाणं जपून ठेवायला देशात दिल्लीची राष्ट्रीय जनुक बँक आहे. तिथे बी वाळवून, हवाबंद पाकिटात, उणे १८ अंशांच्या आसपास ठेवतात. विद्यापीठात इतकं थंड नसलं तरी चालतं, फ्रीजइतका थंड आणि कोरडा कक्ष मात्र हवाच. कोकणात तर हवाच हवा. आपल्याकडे जुलैत कपाटातले चामड्याचे बूट बुरसटतात, तिथे बियाण्याचं काय होत असेल? बियाण्यातला ओलावा एका टक्क्याने उतरवला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. म्हणून कोठीत शिरलात की तापमानाच्या आकड्याबरोबर हवेतल्या आर्द्रतेचा आकडाही बघायचा. आणि पाकिटांवर नंबर आहेत का, त्या नंबरांची वही आहे का, तेही बघायचं. नंबर नसलेलं बी नुसतं धान्य असतं.

दुसरं दार म्हणजे दार नव्हेच, बांध. खाचर.

भाताचं फूल किती लहान असतं हे बऱ्याच जणांनी बघितलेलंच नसतं. आपण ज्याला कोवळा दाणा समजतो, ते खरं तर मिटलेलं फूल असतं. दोन तुसं, आत सहा पुंकेसर आणि मधोमध पिसासारखं दुतोंडी स्त्रीकेसर. ऊन चढलं की, साधारण नऊ ते अकरा-बाराच्या दरम्यान, तुसं उघडतात, पराग पडतो आणि पुन्हा मिटतात. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असल्यामुळे भात स्वतःच स्वतःला फळवतं. दुसऱ्या वाणाशी त्याचा संकर करायचा तर फूल उघडण्याआधीच त्यातले सहाही पुंकेसर काढून टाकावे लागतात.

हे काम मी शेकडो वेळा केलंय. आदल्या संध्याकाळी लोंबी निवडायची. ती उन्हाकडे धरली की तुसाच्या आत पुंकेसर सावलीसारखे दिसतात. ते अर्ध्या उंचीपर्यंत आलेले असले की फूल उद्या उघडणार. फार कोवळी आणि आधीच उघडून गेलेली फुलं कात्रीने उडवायची. उरलेल्यांचा वरचा एक तृतीयांश तिरका कापायचा आणि बारीक चिमट्याने सहा पुंकेसर मोजून बाहेर काढायचे. मोजून, कारण एक जरी राहिला तरी तेवढं फूल फुकट. स्त्रीकेसराला चिमटा लागला तरी फुकट. मग लोंबीवर बटर पेपरची पिशवी चढवून खाली टाचणी लावायची. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दुसऱ्या वाणाची फुललेली लोंबी आणून तिच्यावर झटकायची. पिवळी धूळ उडते, क्षणभरच दिसते. आठवड्याने पिशवी काढली की कापलेल्या तुसातून हिरवा, उघडा दाणा डोकावताना दिसला तर समजायचं, जमलं. त्या दाण्याचा आनंद सांगून कळायचा नाही.

काही केंद्रांवर पुंकेसर ओढून घेणारा छोटा व्हॅक्यूम पंप असतो. त्याने काम भराभर होतं. पण हात बसलेला असावाच लागतो. आणि तो हात शिकवणारी माणसं शेतावर असतात, ज्यांना आपण सरसकट मजूर म्हणून मोकळे होतो. मला पुंकेसर काढायला शिकवलं ते शेतावरच्या एका मावशींनी. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि लोंबी बघून त्या फूल उद्या उघडेल की परवा ते सांगायच्या.

इथे एक फजिती सांगते, कारण प्रयोगक्षेत्रावरची अगदी क्षुल्लक वाटणारी वस्तू किती महत्त्वाची असते ते त्यातून मला कळलं. पहिल्या वर्षी मी प्रत्येक पिशवीला पुठ्ठ्याचं लेबल बांधलं आणि त्यावर चांगल्या पेनाने आई कोण, बाप कोण, तारीख असं सुवाच्य लिहिलं. चार दिवस पावसाने झोडपलं. पाचव्या दिवशी गेले तर लेबलं जागच्या जागी आणि अक्षरं वाहून गेलेली, पुठ्ठ्यावर नुसते निळे डाग. बी तयार झालं, पण कोणाचं कोण ते सांगता येईना. सगळं टाकून द्यावं लागलं. एम.एस्सी. दोन वर्षांची, म्हणजे हातात खरिपाचे हंगाम दोनच. त्यातला एक मी असा घालवला. सर ओरडले नाहीत, खिशातली शिसपेन्सिल काढून माझ्या हातात दिली. शिसं पाण्याने पसरत नाही. तेव्हापासून शेतावर माझ्याकडे पेन्सिलच असते.

संकराचा पहिला दाणा मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही, तिथून खरी लांब वाट सुरू होते. त्या दाण्यातून आलेलं रोप निम्मं पोक्काळी असतं. आपल्याला पोक्काळीचा एकच तुकडा हवा होता. म्हणून त्या रोपाचा आपल्या मूळच्या चांगल्या वाणाशी पुन्हा संकर करायचा, मग आलेल्या रोपांचा पुन्हा, मग पुन्हा. दर वेळी चांगल्या वाणाचा वाटा वाढत जातो: ५० टक्के, मग ७५, मग ८७.५, मग ९३.७५. पण यात एक मेख आहे. प्रत्येक फेरीत निम्म्या रोपांमधून साल्टोलचा तुकडा गळून जातो. नुसतं बघून कुठल्या रोपात राहिला आणि कुठल्यात गेला ते कळत नाही. चुकीच्या रोपावर मेहनत केली तर हंगाम गेला.

लॅबची गरज इथे लागते. आणि म्हणूनच मला हे पटलंय की लॅब हा शेताचा डोळा आहे. शेत नसेल तर तो डोळा बघणार काय?

रेणवीय जीवशास्त्राच्या लॅबमध्ये काय चालतं ते सांगते. रोप तीन आठवड्यांचं झालं की त्याचं बोटभर पान तोडून बर्फावर ठेवून आणतात. खलात घालून त्यावर द्रवरूप नायट्रोजन ओततात. त्याचं तापमान उणे १९६ अंश असतं, त्यामुळे पान काचेसारखं कडक होतं आणि बत्त्याने वाटलं की हिरवं पीठ होतं. मग एका साबणासारख्या द्रावणात ते ६५ अंशांवर ठेवायचं. त्याने पेशींची आवरणं विरघळतात. त्यात क्लोरोफॉर्म घालून जोरात फिरवलं की घाण खाली बसते आणि वर स्वच्छ पाण्यासारखा थर राहतो. तो थर वेगळा काढून त्यात थंडगार आयसोप्रोपेनॉल घातलं आणि नळी हलकेच उलटीपालटी केली की पांढरे तंतू गोळा होतात, अगदी सुतरफेणीचा एखादा धागा सुटावा तसे. तो डीएनए. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी किती वेळ ती नळी दिव्यासमोर धरून उभी होते!

या डीएनएमध्ये साधारण ३९ कोटी अक्षरं, बारा गुणसूत्रांवर वाटलेली. भाताची ही सगळी अक्षरमाला २००५ साली प्रसिद्ध झाली. त्या आंतरराष्ट्रीय कामात भारतातल्या शास्त्रज्ञांनी अकराव्या गुणसूत्राचा भाग वाचला होता. आपल्याला ३९ कोटी अक्षरं वाचायची नाहीयेत. साल्टोलच्या शेजारची एक ओळखीची खूण आहे का, एवढंच बघायचंय. नव्या गावात घर शोधताना आपण पिंपळाच्या पारावरून वळतो तशी ही खूण. तिला मार्कर म्हणतात.

तेवढ्याच जागेच्या भरपूर प्रती काढायला पीसीआर यंत्र लागतं. दिसायला मिक्सरएवढं. त्यात नळ्या आधी ९४-९५ अंशांना तापतात, डीएनएचे दोन धागे सुटे होतात. मग ५५च्या आसपास उतरतात, खुणेच्या दोन्ही टोकांना छोटे तुकडे चिकटतात. मग ७२ अंश, आणि नवी प्रत तयार होते. एका फेरीत एकाचे दोन, दोनाचे चार. ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे १०७ कोटींवर तुकडे, हिशेबाप्रमाणे. कॅरी मुलिस यांना हे १९८३ मध्ये सुचलं आणि १९९३ मध्ये नोबेल मिळालं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली ती याच तत्त्वावरची तपासणी.

मग त्या प्रती जेलीच्या पातळ वडीत भरून वीज सोडायची. डीएनए ऋणभारित असल्यामुळे धन टोकाकडे पळतो, लहान तुकडा पुढे, मोठा मागे. अतिनील प्रकाशात पट्टे चमकतात. पोक्काळीचा पट्टा एका उंचीवर, आपल्या वाणाचा दुसऱ्या. ज्या रोपाच्या रांगेत दोन्ही पट्टे दिसले, त्यात साल्टोल आहे असं धरायचं आणि तेच रोप पुढच्या संकराला घ्यायचं. ४८ रोपं असतील तर साधारण निम्मी त्याच दिवशी बाजूला होतात, फुलायच्या आधी. पूर्वी ज्या कामाला अख्खा हंगाम आणि खारं खाचर लागायचं, ते चार दिवसांवर आलं. पट्टे दिसण्यासाठी वापरला जाणारा रंग मात्र अपायकारक असतो. त्यासाठी वेगळं टेबल, वेगळे हातमोजे आणि वेगळा कचरा असायला हवा. आईबापांनी मशिनची किंमत विचारण्यापेक्षा हे टेबल दाखवायला सांगावं.

खूण सापडली तरी रोप खरंच मीठ सोसतं का, हे रोपालाच विचारावं लागतं. त्यासाठी हरितगृह. थर्मोकोलच्या पत्र्याला भोकं पाडून, खाली जाळी लावून त्यात रोपं ठेवतात. मुळं खालच्या ट्रेमधल्या खताच्या पाण्यात. दोन आठवड्यांच्या रोपांच्या पाण्यात मीठ घालून वाहकता १२ पर्यंत नेतात आणि मग बघत बसतात. गुण १ ते ९ द्यायचे. १ म्हणजे तजेलदार, ९ म्हणजे मेलेलं किंवा मरायला टेकलेलं. पाण्याची आम्लता रोज तपासायची, रविवारीही. कोकणात मे महिन्यात हरितगृहाची भट्टी होते, म्हणून गारव्याचे पंखे आणि ओले पडदे चालू आहेत ना हेही बघायला हवं. ते बंद असतील तर रोप मिठाने मेलं की उन्हाने, ते कळणार नाही.

ऊतिसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, लॅब बहुतेक ठिकाणी सगळ्यात आधी दाखवतात, कारण ती दिसते सुंदर. बाटल्याबाटल्यांत हिरवी रोपं, २५ अंशांचा गारवा, पांढरा प्रकाश. तिथलं सगळं कसब स्वच्छतेत आहे. माध्यम, म्हणजे बाटलीत रोपं ज्यावर वाढतात ते, १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली १५-२० मिनिटं निर्जंतुक करायचं, गाळलेल्या हवेच्या झोतात बसून काम करायचं. भातात तिचा उपयोग परागकोशापासून थेट रोपं करायला होतो. तसं केलं की पाच-सहा पिढ्या वाट न बघता शुद्ध वाण मिळू शकतं. पण सगळ्या भातांना ते मानवत नाही.

आपल्या पट्ट्याचं एक भाग्य आहे, ते मात्र सांगायलाच हवं. वाशीच्या खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्याला किरणांचा मारा करून नवी वाणं काढायचं काम गेली कित्येक दशकं चाललंय. टीजी-१ हे त्यांचं पहिलं भुईमुगाचं वाण १९७३ मध्ये आलं. १९९१चं टीएजी-२४ तर महाराष्ट्रातल्या गावागावांत पोचलं. किरणांनी बियाण्यातल्या अक्षरांत कुठेतरी बदल होतो, बहुतेक वेळा निरुपयोगी, हजारांत एखादा कामाचा. तो एखादा शोधायला परत हजारो रोपं लावायला जागा लागतेच.

जनुक संपादनाचं, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच डीएनएत नेमक्या जागी बदल करण्याचं, नाव आता सगळीकडे ऐकू येतं. मे २०२५ मध्ये देशात जनुक संपादित भाताच्या दोन वाणांची घोषणा झाली. त्यातलं पुसा डीएसटी राइस-१ हे दुष्काळ आणि क्षार सोसण्यासाठीच केलेलं आहे. दुसऱ्या जीवाचं जनुक पिकात घालायचं काम असेल तर संस्थेत जैवसुरक्षा समिती, बंदिस्त हरितगृह, कुलूप, नोंदवही सगळं लागतं. ते नसताना कोणी तसं काम करतो म्हणत असेल तर तिथून निघून यावं.

आणि संगणक? हवा, पण त्याच्यासाठी कॉलेज निवडू नये. पूर्ण अक्षरमाला वाचण्याचं काम बरीच विद्यापीठं बाहेरून करून घेतात. डीएनए बर्फात घालून कुरियरने जातो आणि निकाल ईमेलने येतो. खाचर कुरियरने मागवता येत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर ऋतुजाने शेत असलेलं कॉलेज घ्यावं. मात्र शेत आहे एवढ्यावर भुलू नये. तिथे निदान एक चालतं पीसीआर यंत्र आणि उणे २० आणि उणे ८०चे चालू फ्रीझर हवेत. फ्रीझर चालू म्हणजे वीज गेल्यावरही चालू. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते कोणाला सांगायला नको. जनरेटर आहे का, तो आपोआप सुरू होतो की कोणी रात्री येऊन सुरू करतं, हे विचारायचं. विचारायचं कोणाला, तर लॅबच्या अटेंडंटना. प्राध्यापक बदलून जातात, अटेंडंट वीस-वीस वर्षं असतात आणि कुठलं यंत्र कधीपासून झाकून ठेवलंय ते त्यांना पक्कं माहीत असतं. कपड्याचं झाकण असलेल्या यंत्राशेजारची नोंदवही उघडून शेवटची तारीख वाचायची. सिनियर विद्यार्थ्यांना विचारायचं, रसायन संपलं की यायला किती दिवस लागतात? महिने म्हणाले तर दोन वर्षांतला बराच काळ वाट बघण्यात जाणार.

ऋतुजाच्या आईला मी एक केंद्र बघून यायला सांगितलंय. ठाण्याहून कर्जत लोकल पकडली की कर्जतला प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे, १९१९ पासून भातावर काम करणारं. आपण दुकानात नाव ऐकतो ती कर्जत-३ सारखी वाणं आणि सह्याद्री हे संकरित भात तिथलंच. जायचं ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळच्या गाडीने. तेव्हा हळवी भातं पिवळी पडलेली असतात, गरवी अजून फुलत असतात आणि बांधावरून चालताना एकाच नजरेत उंच, ठेंगणी, लोळलेली, ताठ अशी कितीतरी भातं शेजारीशेजारी दिसतात. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक पाटी असते. त्यातली एखादी वाकून वाच म्हणावं ऋतुजाला, आणि अक्षरं कशाने लिहिलीत तेही बघ.